पेरावर अडलेली अंगठी

लग्नं जुळवणं हा माझा धंदा, आणि लग्नाच्या दिवशी तोंडातून फक्त शुभच काढणं हा त्यातला सगळ्यात अवघड भाग. रुइ-लिनच्या लग्नात तर माझी कसोटीच लागली.

पोरगी बापाच्या स्कूटर दुरुस्तीच्या दुकानात पान्यांशी खेळत वाढलेली. साखरपुड्याला नवरदेव शेंग-फूची आई तिला अंगठी घालायला गेली, तर अंगठी मधल्या पेरावर अडली. आमच्याकडे हुशार नवऱ्या मुद्दाम बोट वाकवतात, म्हणजे पुढं सासूचं फार चालत नाही. हिनं वाकवलं नव्हतं, पेरच जाड! पण बाईंच्या मनात बसलं ते बसलंच. मला बजावलं, "हात घासून आण तिचे. काळ्या हाताचा चहा मी पिणार नाही." लग्नात सुनेनं पहिल्यांदा दिलेला चहा सासूनं नाकारला, तर त्या घरात पोरीला कोण विचारणार? मला रात्रभर झोप नव्हती.

लग्नाच्या दिवशी सासरी निघताना बापानं रिवाजाप्रमाणे गाडीमागं घमेलंभर पाणी ओतलं. बाकीचं वादळानं ओतलं. शेंग-फूच्या चियातुंग गावाच्या अलीकडं माशांची तळी आणि रस्ता एक झाले होते. शेंग-फूनं दामटून गाडी घातली. मध्यावर तिनं दोन आचके दिले आणि गप्प झाली.

"भरभराट होवो," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

शेंग-फूचा हात किल्लीकडं गेला.

"हात लावशील तर बघ!" मागून रुइ-लिन कडाडली. "इंजिनात पाणी गेलं असलं आणि तू चालू केलंस, तर आतला दांडा वाकेल. उतर आणि ढकल."

सुटाबुटातला नवरदेव गुडघाभर पाण्यात उतरला. ढकलत ढकलत त्यानं गाडी एका देवळासमोरच्या उंचवट्यावर आणली आणि बॉनेट उघडलं.

"काळा डबा दिसतो का? त्याचे चाप काढ."

"कुठला काळा? इथं सगळंच काळं आहे!"

"राहू दे. मीच येते."

"खबरदार!" मी किंचाळले. "सासरी पोचेपर्यंत नवरीचा पाय जमिनीला लागायचा नाही. डोक्यावर उघडं आभाळही नको."

मग काय, शेंग-फूनं तिला पाठुंगळी घेतलं आणि मी तिच्या डोक्यावर शकुनाची बांबूची चाळण धरली. चाळणीनं पाऊस किती अडला, ते माझ्या केसांना विचारा.

रुइ-लिननं नवऱ्याच्या खांद्यावरून वाकून डबा उघडला, एअर फिल्टर बाहेर काढला. "फक्त खालची कड ओली आहे. पाणी आत गेलं नाही." मग तेलाची पट्टी उपसली आणि तेल बोटांत चोळलं. "दुधाळ नाही, म्हणजे तेलात पाणी नाही. वाचलो! प्लगच्या वायरी तेवढ्या भिजल्यात. टाय दे."

"अगं, भाड्याचा आहे!"

"म्हणूनच मागतेय. शर्ट आपला आहे."

टायनं वायरी पुसल्या, फुंकल्या, परत बसवल्या. तिला सीटवर ठेवून त्यानं किल्ली फिरवली. गाडी खोकली, थांबली, पुन्हा खोकली आणि सुरू झाली. "भरभराट होवो!" मी ओरडले, आणि या वेळी अगदी मनापासून. मग माझं लक्ष तिच्या हातांकडं गेलं. मनगटापर्यंत काळे! ओल्या रुमालानं पुसले, तर तेल जास्तच पसरलं.

मुहूर्त गाठला. रुइ-लिननं चहाचं तबक पुढं केलं. पांढऱ्या पेल्यावर तिच्या अंगठ्याचा काळाकुट्ट ठसा. मी डोळेच मिटून घेतले.

"हे काय?" बाईंनी विचारलं.

"आई, गाडी पाण्यात बंद पडली. उघडावी लागली."

"मी उघडली!" शेंग-फू मध्येच बोलला.

"तू? तुला लोणच्याची बरणी उघडत नाही." बाईंनी सुनेकडं रोखून पाहिलं. "अंगठी कुठाय?"

रुइ-लिनच्या गळ्यात लाल दोऱ्यात होती. बाईंनी ती सोडवली, पोरीचा हात ओढून घेतला आणि अंगठी बोटात सरकवली. तेलकट पेरावरून ती सुळकन बोटाच्या बुडाशी जाऊन बसली.

माझा शुभशब्दांचा साठा संपला होता.

"म्हणजे तेव्हा वाकवलं नव्हतंस," बाई हळूच म्हणाल्या.

"नाही हो आई. पेरच जाड आहे."

बाईंनी आपली बोटं पाहिली. तीही काळी झाली होती. ती पुसायला कुणीतरी रुमाल पुढं केला, तो त्यांनी बाजूला सारला आणि त्याच बोटांनी पेला उचलला.

"चहा गार होतोय," त्या म्हणाल्या, आणि प्यायल्या.