पोटभर जेवलेला गरुड

मित्रांनो, मी एक मोडक्या पंखाचा गरुड आहे. डोक्यावर काळा तुरा, गालांवर तांबूस रंग. अजूनही मी देखणा आहे म्हणतात. आमचं मूळ दक्षिण अमेरिकेच्या दाट जंगलातलं. मी मात्र पिंजऱ्यात जन्मलो. ते जंगल मी कधी पाहिलं नाही, पण झाडांच्या गर्दीत सुसाट घुसणं माझ्या रक्तातच आहे.

दुबईत डिस्कव्हरी गार्डन्सच्या पलीकडे एक वसाहत आहे. तिथली कबुतरं आणि कावळे हाकलायला मला आणलं. मला सांभाळणारे कमरुद्दीनचाचा मला रोज अर्धपोटीच सोडत. पोट भरलेला पक्षी हाकेला परत येत नाही ना! मला त्यांचा फार राग यायचा.

पितृपक्षात तिसऱ्या मजल्यावरच्या प्रमिलाताईंनी सासऱ्यांच्या आवडीचं पान बाल्कनीत वाढलं. वडे, भात आणि मटण. कावळा शिवल्याशिवाय घरात कोणी जेवणार नव्हतं. दुपार टळली, कावळा येईना. येणार कुठून? मीच सगळे पिटाळले होते.

"अहो, बाबांची काहीतरी इच्छा राहिलीय," ताई रडवेल्या झाल्या.

त्यांचे यजमान विजयकुमार यांनी हात जोडले. "बाबा, गावचं घर विकणार नाही. प्रॉमिस! आता तरी या."

मटणाच्या वासाने मी उतरलो आणि सगळे तुकडे गिळले.

"बाबा गरुड होऊन आले गं!" विजयकुमारांचे डोळे भरून आले.

"यल्ला, आ जा!" खालून चाचांनी हाक मारली. आयुष्यात पहिल्यांदा माझं पोट भरलं होतं. मी गेलो नाही. समोर हिरवीगार झाडं दिसली, दाटच दाट. मी जीव तोडून त्यांच्यात घुसलो. ती झाडं नव्हती, काच होती. बागेचं प्रतिबिंब होतं.

मला उराशी धरून चाचांनी वर पाहिलं. "साहब, किसी ने इसको खिलाया क्या?"

"हमको क्या मालूम?" विजयकुमारांनी पडदा ओढला आणि सगळे जेवायला बसले. चाचांची नोकरी त्याच संध्याकाळी गेली. त्यांची मला अजून आठवण येते.

आता मी एका हॉटेलात फोटोसाठी बसतो. परवा तेच कुटुंब आलं होतं. "लुक, ही इज सो हॅपी नाऊ!" त्यांची छोटी सृष्टी म्हणाली. विजयकुमार फोनवर होते. "गावच्या घराचं डील इन्शाल्ला या महिन्यात होईल," ते कोणाला तरी सांगत होते.

मित्रांनो, कुणाच्या पाखराला घास टाकण्याआधी त्याला सांभाळणाऱ्याला विचारा. मला आता दोन्ही वेळा पोटभर मांस मिळतं. मी उडून जाईन, अशी भीती कोणाला उरलेली नाही.