काटा खरा की कान

नेरच्या कापूस बाजारामागे मुख्तार मिस्त्रीचं गॅरेज होतं आणि नुसत्या आवाजावरून इंजिनाचं दुखणं ओळखणाऱ्या त्याच्या कानाची तारीफ पार राळेगावपर्यंत पोचली होती. पण परवा मुलगी नुजहत त्याला यवतमाळच्या डॉक्टरकडे घेऊन गेली, आणि डॉक्टर म्हणाले, कानाला मशीन लावा. मुख्तारच्या ते जिव्हारी लागलं. मशीनवाल्या मिस्त्रीकडे गाडी आणणार कोण?

अशात पुंडलिकराव आपला जुनाट ट्रक घेऊन आले.

"या फेरे मोजायच्या मीटरच्या काट्यानं डोक्स खाल्लं, मुख्तारभाई. इंजिन जोरात फिरते म्हनते. म्हनून म्या स्लो कमी केला, तं गाडी चौकाचौकात बंद पडून राह्यली."

मुख्तारने स्लोचा स्क्रू पिळून उभ्या इंजिनाची चाल पुन्हा वाढवली, मडगार्डवर तळवा टेकला आणि डोळे मिटले. डोळे मिटले की तो या जगातला राहत नसे. शेताच्या पांदणीतून निघालेल्या बैलगाडीसारखं इंजिन निवांत चाललं होतं. कान म्हणत होता, चाल बरोबर. काटा म्हणत होता, दीडपट. दोघांतला एक खोटा होता, आणि तो कान निघाला तर गॅरेजला कुलूपच.

वायर तपासली, पट्टा ताणला. काटा ढिम्म. मग त्याची नजर डायनाम्यावर गेली.

"हा कवा बदलला?"

"जुना जळला ना! भंगारातून आनून बसवला. चार्जिंग झकास हाये."

जुना सीटमागेच पडला होता. मुख्तारने तो शेजारी धरला. भंगारातल्याची पुली चांगलीच लहान होती. लहान पुली जास्त फेरे घेणार, आणि काटा तर डायनाम्याचेच फेरे मोजतो. इंजिन बिचारं आपल्या चालीनंच चाललं होतं.

"काटा लबाड हाये!" मुख्तार ओरडला. "माया कान नाई!"

जुनी पुली चढवली, गाडी चालू केली, तसा काटा मुकाट्याने खाली आला. मुख्तार हात पुसत बाकड्यावर टेकला आणि त्याने डोळे मिटले. इंजिन गात होतं. त्या ठेक्यावर त्याच्या हातून गेलेल्या सगळ्या गाड्या कापूस भरून निघाल्या, उन्हात पांढरे पुंजके तरंगत राहिले, आणि त्याला वाटलं, आपल्यासारखा सुखी माणूस नाही.

डोळे उघडले तर समोर चहाचा कप घेऊन नुजहत. तिचे ओठ हलत होते. पुंडलिकराव जमिनीकडे बघत होते.

"काय म्हनून राह्यली?"

ती अगदी कानाशी वाकली. "अब्बा, गाडी बंद हाये. काका चावी काढून कवाचे उभे हायेत."

मुख्तारने उठून मडगार्डवर तळवा ठेवला. पत्रा गप्प होता. कानात मात्र इंजिन अजून चाललंच होतं, अगदी बरोबर चालीनं. त्याला रडू आलं.

डोळे पुसून त्याने कप घेतला.

"तो डॉक्टर," तो म्हणाला, "उद्या भेटन काय?"