दवंडीतला श्वास

बाजारचौकात धान्यबाजाराच्या भिंतीवर आपटलेला आवाज परत यायला अर्ध्या सेकंदाहून किंचित जास्त वेळ घेतो. लांब शब्द घाईनं ओरडला, तर त्याचं डोकं त्याच्याच शेपटावर आदळतं. मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवायचे, म्हणून हे मोजलं. माझा नवरा क्लेमंट गावचा दवंडीवाला. त्याला ते न मोजताच ठाऊक होतं.

यंदा सुगीच्या प्रार्थनेच्या दवंडीत पाद्रीबुवांनी 'इंटरडिनॉमिनेशनल' घातलं. सगळ्या पंथांची मिळून, एवढाच अर्थ, पण उच्चाराचे तुकडे आठ. रविवारी परसात तालीम सुरू झाली. सोबत टॅमसिन होती, आमची पोस्टवाली. क्लेमंट आजारी असला की दवंडीची घंटा तीच वाजवते. शेजारच्या नेदरकोम गावानं तिला दवंडीचं कायमचं काम देऊ केलं होतं आणि उद्या उत्तर द्यायचं होतं. इथली घंटा तिच्याकडे सोपवायचं म्हटलं की क्लेमंट मात्र कधीपासून एकच म्हणत होता, "पुढच्या वर्षी बघू."

"इंटरडिनॉ..." त्यानं छाती भरून घेतली, "...मिनेशनल!"

"नॉम म्हणजे नाव," मी म्हणाले. "नावाचेच दोन तुकडे केलेस. श्वास 'इंटर'नंतर घे. कोंबडी सांध्यावर कापतात, हाडावर नाही."

"कोंबडीला दवंडी द्यावी लागत नाही, ॲग्नेस."

"दिली तर तुझ्यापेक्षा बरी देईल."

त्यानं 'इंटर'नंतर श्वास घेतला. पुढे आणखी एक, नाकातून, चोरून. "आता तू," तो टॅमसिनला म्हणाला.

तीही 'इंटर'नंतर थांबली.

"श्वास का घेतलास?"

"सांधा आहे ना तिथे."

"तो माझ्यासाठी. तुला कुठे दम लागतोय? म्हाताऱ्याचे लाड करतेस होय, पोरी? पुन्हा म्हण. न थांबता."

"राहू द्या ना, क्लेम."

"म्हण!"

तिनं म्हटलं. आठही तुकडे सुटे, स्वच्छ, आणि पुढचं 'प्रार्थनासभा'सुद्धा त्याच दमात. कुंपणापलीकडून मिसेस हॉस्किन ओरडल्या, "किती वाजता गं?"

"माझ्या वेळी 'काय?' विचारते बया," क्लेमंट पुटपुटला.

तो पायरीवर बसला, बुटाच्या नाड्या उगाच सोडून पुन्हा बांधल्या. मग वर न बघता, साध्या घरातल्या आवाजात म्हणाला, "नेदरकोमला नाही म्हणून कळव, टॅमसिन. शनिवारपासून इथली घंटा तुझी."