‘वाढवा’ नावाचं बटण

ठिणगी हे नाव वडिलांनी पाडलेलं. त्यांचं विजेच्या सामानाचं दुकान होतं आणि मुलीची जीभ तशीच होती, तेव्हा नाव शोधायला लांब जावं लागलं नाही. मुलगी मोठी झाली, परगावी एका कंपनीत कॉम्प्युटर सांभाळू लागली, पण जीभ काही निवली नाही. तिचे सगळ्यांत जास्त चटके बसले वहिनीला, आणि वहिनीही काही गरीब गाय नव्हती. दोघींचं विळ्याभोपळ्याचं सख्य.

आज दुपारी ठिणगी ऑफिसात डबा न उघडता ब्राउझर उघडून बसली होती. माहेरी जिन्याखालच्या कपाटात तिनेच बसवलेला सर्व्हर होता. सर्व्हर म्हणजे काय, एक जुना कॉम्प्युटर, सदा चालू, घरातल्या साऱ्या फायली पोटात घेऊन बसलेला. कुठूनही पत्ता टाकावा, पासवर्ड द्यावा, की घरचं पान समोर हजर. त्यातच बाबांचा आवाज होता. जाण्याआधीच्या वर्षात ते मोबाइलवर काहीबाही बोलून ठेवत, ते सगळं तिथे साठलेलं. दुसरीकडे कुठेही नाही. आता दादा-वहिनी घर सोडत होते आणि सर्व्हर आजच भंगारात जाणार होता. हेही तिला कुणी कळवलं नव्हतं, दादाच्या तोंडून चुकून निसटलं. ‘मशीन माझ्याकडे पाठवा’ म्हटल्यावर वहिनीने एका वाक्यात विषय संपवला होता, ‘इथे आम्हाला मरायला सवड नाही.’

म्हणून ठिणगी ब्राउझरमधूनच आवाज उतरवून घेत होती. हिरवी पट्टी गोगलगायीसारखी सरकत होती. अर्ध्यावर आली, थांबली आणि पान कोरं झालं. ‘संपर्क होत नाही.’

तिने वहिनीला फोन लावला.

“बंद केलंत ना?”

“मी काही बंद केलेलं नाही.”

“खोटं बोलू नका. गेलेल्या माणसाचा आवाजसुद्धा सोसवत नाही तुम्हाला. परक्या घरातून आलात आणि परक्याच राहिलात.”

पलीकडे सामान सरकवल्याची खरखर झाली. मग वहिनी सावकाश बोलू लागली.

“तुझी ब्याद कधी टळते ते बघायला इथल्या लॅपटॉपवर ते पान उघडलं. पट्टी हलेना. खाली एक बटण होतं, ‘वाढवा’. म्हटलं, वेग वाढत असेल. दाबलं.”

त्या पानावरची बटणं ठिणगीनेच केली होती, आणि शब्द बाबांचे घातले होते. बघा, ऐका, उतरवा. आणि मशीन बंद करायला, वाढवा. बाबा दुकानदार. रोज संध्याकाळी शटर ओढताना ‘दुकान बंद केलं’ असं अभद्र ते बोलत नसत, ‘दुकान वाढवलं’ म्हणत. हे ऐकतच ती वाढली, याचा दुसरा अर्थ कुणी लावील हे तिच्या स्वप्नातही आलं नाही. वहिनीच्या माहेरी सगळे नोकरदार. तिथे वाढायचा तो पगार, आणि तोही वाढला तर.

आता पंचाईत अशी, की ब्राउझरमधून सगळं करता येतं, पण बंद पडलेलं मशीन सुरू करता येत नाही. त्याला तिथलंच बोट लागतं. आणि तिथे एकच बोट होतं.

“वहिनी, मशीनच्या पुढचं गोल बटण दाबा.”

“परक्या बाईने तुमच्या वस्तूला हात कशाला लावायचा? भंगारवाला दारात उभा आहे, त्याला सांग.”

“चुकलं माझं.”

“ऐकू आलं नाही.”

शेजारच्या टेबलावरचा सहकारी घास हातात धरून बघत होता. “चुकलं माझं, वहिनी,” ठिणगी मोठ्याने म्हणाली. तिला त्या क्षणी वहिनीचा गळा दाबावासा वाटत होता.

थोड्या वेळाने पान उघडलं. पट्टी पुन्हा पहिल्यापासून.

“आता त्या बटणाचा अर्थ मला कळलाय,” वहिनी म्हणाली, “आणि माझं बोट त्याच्यावरच आहे. मी बोलते, तू ऐकायचं. एक शब्द वाकडा आला, की वाढवीन.”

आणि मग तिने तोंडाचा पट्टा सोडला. लग्नात तिच्या उंचीवरून केलेली थट्टा. तिची आई गेली तेव्हा न आलेला साधा फोन. तिच्या मुलाला सगळ्यांसमोर म्हटलेलं ‘मठ्ठ’. प्रत्येकाला ठिणगीकडे झणझणीत उत्तर तयार होतं. प्रत्येक वेळी ती पट्टीकडे बघत “हो, वहिनी” म्हणाली आणि उत्तर गिळलं.

“आणि हे आवाज कसले, ठाऊक आहे? बाबा तुला फोन करायचे. तू कामात असायचीस. मग मोबाइल माझ्या हातात द्यायचे. म्हणायचे, सूनबाई, एवढं धरून ठेव, तिला सवड झाली की ऐकेल. हात भरून यायचा माझा.”

या वेळी ठिणगी पट्टीकडे बघत नव्हती. “हो, वहिनी,” ती म्हणाली, आणि ते तिलाच नीट ऐकू आलं नाही.

पट्टी टोकाला पोचली.

“झालं?” वहिनीने विचारलं.

आता काहीही बोलायला ती मोकळी होती.

“झालं.”

“मग वाढवते.”

“वाढवा,” ठिणगी म्हणाली, आणि पान कोरं झालं.