फाटका आडोसा

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे. दारा-खिडकीचा नव्हे, लहान मुलांच्या डॉक्टरांच्या तपासणीच्या खोलीतला, चाकांच्या चौकटीवर ताणलेला, हिरव्या कापडाचा. माणसाची लाज झाकणे हे देवाने मला नेमून दिलेले काम, आणि ते मी वर्षानुवर्षे मनोभावे केले. "याच्यामागे पोरं रडत नाहीत," असे डॉक्टर कौतुकाने म्हणत. मी फुलून जाई.

पुढे माझे कापड मधोमध फाटले. ज्याने झाकायचे तोच उघडा! मला कपाटामागे ढकलले गेले. अंगावर ओल्या छत्र्या वाळू लागल्या. मुले चारचौघांसमोर तपासली जाऊ लागली आणि मी खाली मान घालून ऐकत राहिलो.

एकदा एक मुलगी आली. घरचे तिला चिऊ म्हणत. कित्येक आठवडे ताप येत-जात होता, पोटात उजवीकडे खाली दुखत होते, फ्रॉक अंगावर लोंबत होता. सोबत बाबा आणि आत्या. दार सताड उघडे, बाहेर बाकावर माणसे.

"शी नीट होते ना गं?" डॉक्टरांनी विचारले.

"हो."

"हो काय हो! एकदा संडासात शिरली की मालकीणबाईच," आत्या म्हणाली. "आम्ही आपले बाहेर रांगेत!"

बाकावरचे हसले. चिऊने ओठ घट्ट मिटले.

विषमज्वराची तपासणी झाली, क्षयाची झाली. काही सापडेना. औषधाने ताप उतरे, पुन्हा चढे. पोर वाळत चालली. पुढच्या खेपेला डॉक्टर रिपोर्ट बाजूला ठेवून तिच्याकडेच पाहत राहिले. प्रत्येक प्रश्नाला ती आधी आत्याकडे बघत होती. ते उठले, छत्र्या उचलल्या आणि मला ओढत टेबलापाशी आणले. बाबांना बाहेर पाठवून दार लावले, आत्याला माझ्या पलीकडे बसवले. सिस्टर चिऊजवळ उभ्या राहिल्या.

माझ्या भोकातून पलीकडची आत्या स्वच्छ दिसत होती. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. डॉक्टरांनी अंगातला कोट काढून त्या भोकावर लटकवला.

"आता बोल, बाळ. कुणी हसणार नाही."

"शीतून रक्त पडतं," ती पुटपुटली. "बसायच्या जागी फोड पण आहे. खूप दिवसांपासून."

"मग मागे का नाही सांगितलंस?"

"सगळे होते ना!"

डॉक्टर तिच्यासमोर खाली बसले. मग म्हणाले, "चुकलं माझं."

पलीकडे आत्या हुंदका गिळत होती.

मोठ्या रुग्णालयात बारीक कॅमेऱ्याने आतडे पाहिले. आत सूज होती, जखमा होत्या. आजार चिवट आहे, औषधे पुष्कळ दिवस घ्यावी लागतील. पण देवाची कृपा, दुखण्याला नाव मिळाले, उपचार लागू पडले आणि ताप उतरला.

मित्रांनो, देवाने दिलेल्या देहात ओंगळ काही नसते. जे सांगायला लाज वाटते, तेच डॉक्टरांना आधी सांगा. आणि कुणी सांगत असेल तर हसू नका.

चिऊ बोलली म्हणून वाचली. पण तिच्याआधी किती मुले न बोलताच उठून गेली असतील? ते मनात आले की मला आजही मान वर करवत नाही.