तिसरं चित्र

आमच्या शाळेत टॅबलेट आला, नेट काही आलं नाही. रेंज हवी असेल तर गावाबाहेर, जंगलाला लागून असलेल्या धानाच्या बांधावर जावं लागतं. म्हणून इंग्रजी बोलण्याची परीक्षा द्यायला मी सुकरीला घेऊन सकाळीच तिथे जाऊन बसले. वरच्या साहेबांना हे कळवलं तर म्हणाले, वा, निसर्गाच्या सान्निध्यात शिक्षण. माझं डोकंच फिरलं.

परीक्षा एकदाच द्यायची. पास झाली तर सुकरीला चंद्रपूरच्या निवासी शाळेत जागा मिळणार होती. आमच्या गावात सातवीपुढे वर्ग नाही, आणि ती सातवीत. नापास झाली तर पोरगी घरी बसणार, हे मला लख्ख दिसत होतं. वर्षभर जीव ओतला होता मी तिच्यावर.

तसं सोपंच होतं. पडद्यावर चित्र येतं, त्याचं इंग्रजी नाव मोठ्यानं सांगितलं की पुढचं चित्र. गाय आली, छत्री आली, सुकरीनं फटाफट सांगितलं. तिसरं चित्र वाघाचं. सुकरी गप्प.

मला वाटलं, विसरली. पण ती पडद्याकडे बघतच नव्हती, जंगलाकडे बघत होती. तिची माय मंगलीबाई पहाटेपासून आत मोहफुलं वेचत होती. घरचं माणूस जंगलात असताना वाघाचं नाव घ्यायचं नाही, घेतलं की तो येतो, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. परीक्षा काढणाऱ्या शहाण्यांना हे कोण सांगणार? चित्र सोडून पुढे जायची सोय त्यांनी ठेवलीच नव्हती.

मी म्हटलं, "अगं, इंग्रजीत म्हण ना. त्याले इंग्रजी कुठी समजते?"

"समजते, मॅडम. मोहर्लीच्या सफारी गेटवर पाहुणे दिवसभर तेच म्हनून राह्यले."

मी समजावलं, मग रागावले, मग हातापाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. वेळ सरत होता. शेवटी वाटलं, आपणच म्हणून टाकावं, यंत्राला काय कळतंय आवाज कुणाचा. टॅबलेट ओढून घेतला. मी नागभीडची, बी.एड. झालेली, असलं काही न मानणारी. समोरच्या झाडांत मंगलीबाई कुठे दिसेना, आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. फार भीती वाटली मला. तेवढ्यात वेळ संपला आणि पडदा काळा झाला.

सुकरीला ते सांगायची माझी हिंमत झाली नाही. थोड्या वेळानं मंगलीबाई डोक्यावर टोपली घेऊन झाडांतून बाहेर आली. तिला पाहताच सुकरीनं माझ्या हातातून टॅबलेट घेतला, तोंडाजवळ धरला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "टायगर."

जरा वाट पाहून तिनं मला विचारलं, "पुढचं चित्र काऊन येऊन नाई राह्यलं, मॅडम?"