कानपांढरीची अकरा अंडी

"कलाबाई, हे फारमाचं आणलीस व्हय?" श्रीपतराव गुरुजींनी अंडं उन्हात धरून फिरवलं आणि परत टोपलीत ठेवलं. "सून बाळंतीण हाय माझी. तिला गावरान पायजे."

"गावरानच हाय की, गुरुजी!"

"गावरान असं पांढरंफेक असतंय का? अन् केवढंसं हाय बघ. शेजारी बघ, कशी तांबडी हायत." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तीस वर्सं तुझ्याकडनं घ्यायलोय. आता म्हातारपणी फसवू नको. उद्या घरी सहा आणून दे, पण गावरान आण."

कलाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शेजारच्या टोपलीतली अंडी चहाच्या पाण्यातून काढलेली होती, हे औरादच्या बाजारातल्या सगळ्या अंडीवाल्यांना ठाऊक. गुरुजींना तेवढं ठाऊक नव्हतं. बाबा रे, जन्मभर पोरांचे कान पिळलेस, कधी कोंबडीचा कान बघितलास का? कानाची पाळी पांढरी असली की अंडं पांढरं, लाल असली की तांबूस. त्यात फारमाचं अन् गावरान आलं कुठं? पण मास्तराला शिकवायचं कुणी!

घरी येईपर्यंत तिचं डोकं काही निवलं नाही. दारातच सून मंजुश्री दिसली. तिच्या गिरिराज कोंबड्या, त्यांच्या कोंबड्यासकट, जाळीत होत्या. सरकारी योजनेतून मिळालेल्या, धिप्पाड, लाल कानाच्या. त्यांची अंडी मुठीत मावत नसत, रंगानं विटकरी. अंडं घालायचं आणि विसरून जायचं, ही त्यांची तऱ्हा. कधी एक अंडी उबवायला खुडूक बसेल तर शपथ.

कानपांढरीची, त्या पांढऱ्या कानाच्या छोट्या कोंबडीची, गोष्ट वेगळी. कलाबाईच्या पहिल्या बाळंतपणाला कोहिनूर गावाहून आई आली, तेव्हा एका हातात बाळंतविडा आणि काखेत कोंबडी घेऊन आली होती. आई गेली, तिचं लुगडं विरलं, पण त्या कोंबडीची लेक, लेकीची लेक अशी अंगणात चालतच राहिली. आता एकच उरली होती, तीही म्हातारी, यंदा शेवटची अंडी घालणारी. तिचा जोडीदार कोंबडा दहा दिवसांपूर्वी कुत्र्यानं उचलला. तो होता तोवरची आणि त्यानंतरच्या थोड्या दिवसांची मिळून अकरा अंडी कलाबाईनं ज्वारीत जपून ठेवली होती. त्यातली चार, गावरान कशी असतात ते गिऱ्हाइकाला दाखवायला, नमुन्याला म्हणून बाजारात नेली आणि हा अपमान पदरात घेऊन परत आणली. अकरा अंडी म्हणजे आईची शेवटची आठवण, दुसरं काय?

पण राग वाईट. तिनं चुलीवर चहापत्तीचं पाणी ठेवलं.

गार करून घेतलेल्या पाण्यात रंग चढेना. म्हणून पुन्हा ऊन केलं. सहा बुडवली तर दोन ठिपक्याठिपक्यांची निघाली. मग आणखी दोन बुडवली, मग आणखी. असं करता करता अकराच्या अकरा तांबडी झाली, तेव्हा कुठं त्यातून एकसारखी सहा निवडता आली. राहिलेली पाच तिनं पदरानं पुसली. पाणी काही उकळतं नव्हतं, आतला जीव काही मेला नसेल, असं तिनं स्वतःला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी गुरुजी अंडी बघून खूश. "ह्याला म्हणतेत गावरान!" कलाबाई हसली नाही.

त्याच दिवशी कानपांढरी खुडूक बसली. कलाबाईनं डाल्यात कडबा अंथरला, ढग गडगडले तर अंडी बाद होऊ नयेत म्हणून लोखंडाचा खिळा आणि कोळसा ठेवला, आणि पाच अंडी मांडली. पाच म्हणजे विषम, शुभच.

तिथून तिच्या जिवाला चैन नाही. भाकरी थापताना उठायची, डाल्यात हात घालायची. कोंबडी टोचायची, तरी हात घालायची. सातव्या दिवशी मंजुश्री म्हणाली, "अत्या, ब्याट्रीवर धरून बघा की. आत जीव धरला का न्हाई, कळंल तरी."

"कशाला? तिचं तिला कळतंय."

"दर बारीला तुमीच बघताव की! आता कामून न्हाई?"

"काम न्हाई का तुला दुसरं?" कलाबाई खेकसली, आणि मग दिवसभर सुनेशी बोलायची लाज वाटली. खरं म्हणजे तिला भीती वाटत होती.

पिल्लं फुटायचा एकविसावा दिवस गेला. बाविसाव्या दिवशी तिनं एकेक अंडं कानाला लावलं. आतून टकटक नाही, चिवचिव नाही. तेवीस झाले. कोंबडी वाळून चिपाड झाली होती, तरी दाणा टिपून धावत परत यायची आणि अंडी पोटाखाली ओढायची. ते बघवेना म्हणून कलाबाई अंगणभर फेऱ्या घालत होती, तेवढ्यात गुरुजी दारात आले.

"कलाबाई, आणखी सहा दे. तसलीच तांबडी."

"ती तांबडी नव्हती, गुरुजी. पांढरीच होती. बाजारात तुमी परत ठिवली ना, तीच. मी चहा लावला."

गुरुजी ओट्यावर टेकले. "कामून केलीस असं? तू?"

"खरं दिलं तर तुमी खोटी म्हणलाव. तीस वर्साचं गिऱ्हाईक तुमी, अन् चार लोकांत म्हणलाव, फसवू नको."

"चुकलं माझं," गुरुजी हळूच म्हणाले. "मग आता पांढरीच दे. मी सांगतो घरी."

"आता कुठली देऊ?" कलाबाईनं डाल्याकडं बघितलं. "संपली."

गुरुजी गेले. खुडूक मोडायची तर कोंबडी पाण्यात बुचकळतात. कलाबाईनं बादली भरली, कोंबडी उचलली. हातात नुसती पिसं अन् हाडं लागली, आणि पोट तेवढं तव्यासारखं गरम. ऐन पाण्यावर तिचा हात थांबला. बादली तिनं तुळशीत ओतली.

"मंजू," तिनं हाक मारली, "जाळीतली ताजी पाच अंडी दे गं."

सुनेनं आणून दिली. कलाबाईनं जुनी पाच काढून घेतली आणि ती विटकरी, थोराड अंडी डाल्यात मांडली. कानपांढरी वर बसली, पण एवढीशी ती, पाचही तिच्याखाली मावेनात. एक अंडं बाहेर उघडंच राहिलं. तिनं मान वाकडी करून त्याच्याकडं बघितलं. मग चोच लावून, जरा जरा करत, तेही आत ओढून घेतलं.